शेळीला शेड, सायकलीला पाऊस

मुलीला सायकल देताना टाळ्या वाजतात, फोटो निघतात. ती सायकल रात्री कुठे राहणार, हे तिथे कुणीही विचारत नाही. मी हे विचारतो आणि दर वेळी समोरचा अधिकारी विषय बदलतो. म्हणून आता लिहूनच मांडतो: ठेवायला बंदिस्त, कुलपाची, कोरडी जागा नसेल तर सायकल देण्याचं निम्मं काम झालेलंच नाही, आणि ते पूर्ण झालं असं अहवालात लिहिणं ही फसवणूक आहे.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारी मुलगी यात बसते. लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी आहेत. रक्कम आधी 3,500 रुपये होती, 2022 मध्ये ती 5,000 झाली. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच तिची ही हेळसांड मला सहन होत नाही. पैसे खात्यात पडले, सायकलीची पावती जोडली, की फाइल बंद. छपराला एक रुपया नाही, साखळीला नाही, कुलपाला नाही.

आता हीच योजना अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला नेऊन बघा. होळीच्या रात्री महाराष्ट्रभरातून माणसं या गावात उतरतात. कॅमेरे ढोल, मोरपिसं आणि पहाटेचा होम टिपतात आणि सकाळी निघून जातात. मागे उरतो तो सातपुडा. इथे गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं नव्हेत. पाडे टेकड्यांवर विखुरलेले. डांबरी रस्ता फाट्यापर्यंत येतो, पुढे पायवाट, तीही चढाची, मध्ये नाला. सायकल अशा घरापर्यंत पोचतच नाही. मुलगी उतारावर बसते, चढावर ढकलते, आणि फाट्याला येऊन थांबते. तिथून पुढे सायकल खांद्यावर घ्यायची, नाहीतर रस्त्याकडेच्या झाडाला टेकवून निघून जायचं. झाडाला टेकवलेल्या सायकलीवर जूनपासून चार महिने पाऊस कोसळतो. आधी साखळी लाल होते, मग ब्रेकची तार नळीत अडकते, मग बेअरिंगमध्ये पाणी शिरून चाक कुरकुरायला लागतं. दिवाळीनंतर वापरायला काढावी तर दुरुस्तीचे पैसे नसतात. मुलगी पुन्हा पायी.

‘डोंगरात सायकल द्यायचीच कशाला?’ असा शहाणा सवाल जिल्ह्याच्या ठिकाणी पंख्याखाली बसून केला जातो. द्यायची, कारण डोंगरातही रस्त्याच्या कडेचे, सपाटीचे तुकडे आहेत, आणि तीन-चार किलोमीटर चालून वर्गात पोचणारी मुलगी पहिल्या तासाला दमलेली असते. तिचा तो तास वाचवायचा असेल तर सायकल हवी, आणि ती फाट्यावर सुरक्षित राहायला हवी.

चोरीबद्दलही सरळ बोलू. ‘आपल्याकडे कोण चोरतंय’ हे वाक्य चोराच्या फार सोयीचं आहे. दुकानातून येणाऱ्या साध्या सायकलीला मागच्या चाकाचं गोल कुलूप असतं. ते चाक अडवतं, सायकल अडवत नाही. दोन माणसं ती उचलून पिकअपमध्ये टाकतात, संपलं. सायकलीला वाहनासारखी नोंदणी नाही. एके काळी नगरपालिका सायकलीला बिल्ला द्यायच्या, तोही गेला. उरतो फ्रेमवर ठोकलेला नंबर, बहुतेकदा पेडलच्या खालच्या बाजूला, आणि तो टिपून ठेवलेलं घर मला क्वचितच भेटलं. नंबर नसेल तर पोलीस ठाण्यात सांगणार काय? निळी, बावीस इंची? त्यात 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. वर्षभर वापरलेली योजनेची सायकल त्या रेषेच्या खालीच पडते. पहिल्यांदा चुकलेल्याला तुरुंगात सडवू नये, हे मला मान्य आहे. पण याचा अर्थ एवढाच की मुलीची सायकल कायदा राखणार नाही, भिंत आणि कुलूप राखेल.

आणि शेड म्हणजे चार खांबांवर पत्रा टाकून वर पाटी लावणं नव्हे. अशी शेडं मी गावोगावच्या शाळांत पाहिली आहेत. त्यांत शिक्षकांच्या मोटरसायकली उभ्या असतात. शेडची सगळी ताकद जमिनीत असते. जाड लोखंडी पाइप उलट्या ‘यू’सारखा वाकवून त्याचे दोन्ही पाय दोन फूट खोल काँक्रीटमध्ये गाडायचे. जाड साखळी त्या पाइपातून, सायकलीच्या फ्रेममधून आणि मागच्या चाकातून न्यायची. नुसत्या पुढच्या चाकाला बांधलं तर चोर चाक सोडून बाकी सायकल नेतो. दाराचा कडी-कोयंडा स्क्रूने बसवला असेल तर कुलूप कितीही महाग घ्या, पान्हा-स्क्रूड्रायव्हरवाला ते शाबूत ठेवून कोयंडाच काढतो. म्हणून बाहेर गोल गुळगुळीत डोक्याचा बोल्ट, आत नट, आणि बोल्टचं टोक हातोडीने चेपलेलं. बिजागऱ्यांनाही तेच. पत्र्याचे हूक वरून उलगडता येणार नाहीत असे. जोतं हातभर उंच, आणि भिंतीत वरच्या बाजूला जाळी, कारण कोंडलेल्या दमट हवेत पत्र्याला आतून घाम सुटतो आणि सायकल छपराखालीही गंजते. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळणाऱ्यांनी हे विशेष ऐकावं: ते ओल बाहेर ठेवत नाहीत, आत कोंडतात.

हे कोण बांधणार, असं म्हणू नका. 70 फुटांच्या घरात जाणारा होळीचा बांबू खांद्यावर आणून, अवजाराशिवाय हातांनी कोरलेल्या खड्ड्यात उभा करणारी माणसं याच गावची. त्यांना दोन फुटी खड्डा आणि कुडाची भिंत शिकवायला कोणी तज्ज्ञ नको. अडलंय ते सिमेंट, पाइप आणि मंजुरीपाशी.

पैशाचं रडगाणंही खोटं आहे. रोजगार हमीची जोड देऊन 2021 पासून राबवलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत गोठ्याला 77,188 रुपये, दहा शेळ्यांच्या शेडला 49,284 रुपये. ते मिळालेच पाहिजेत, गुरं आणि शेळ्या हीच इथल्या घराची शिल्लक आहे. पण शेळीला कोरडी जागा लागते हे ज्या यंत्रणेला कळतं, तिला मुलीच्या वाहनालाही ती लागते हे कळू नये? घरकुलाचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचं, त्यात चूल, धान्य आणि माणसं. सायकल ठेवायची तर माणसाने बाहेर झोपायचं. नेदरलँड्समध्ये 2012 पासून नव्या घराला सायकल ठेवण्याजोगी बंद कोठी पुन्हा सक्तीची केली. उत्रेख्तच्या रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली राहतील असा वाहनतळ आहे. तिथली माणसं आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत, ठीक. पण सायकल वापरात ठेवायची तर तिच्या रात्रीची सोय करावी लागते, हे समजायला श्रीमंती लागत नाही.

अक्कलकुव्याचा अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. इथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतल्या पाच टक्क्यांचा अबंध निधी थेट मिळतो, आणि पायाभूत सुविधा व शिक्षण हे दोन्ही त्याच्या वापरात बसतात. खर्च ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा आहे, तालुक्यातल्या कुठल्या साहेबाचा नाही. मग फाट्याफाट्यावर एक शेड, शाळेच्या आवारात एक, दोन्हींत गाडलेले पाइप, प्रत्येक मुलीकडे स्वतःची किल्ली, आणि शाळेच्या नोंदवहीत तिच्या सायकलीचा फ्रेम नंबर. पाडा ज्या फाट्याला उतरतो, शेड त्याच फाट्यावर हवं. ठेकेदाराच्या ट्रकला सोयीची जागा चालणार नाही. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव झाला आणि पंचायत समितीने तो टेबलावर कुजवला नाही, तर मृगाच्या आत छप्पर चढतं.