आधी विमानाचं पोट पाहा

पेट्रोल इंजिनाचं रिमोट कंट्रोल विमान घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, किंवा ज्यांच्या घरी खोकं येऊन पडलंही आहे, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पंख, रंग, कॉकपिटमधला छोटा वैमानिक यांच्याकडे नंतर बघा. आधी विमानाच्या पोटाकडे बघा. टाकी, नळ्या, बॅटऱ्या, वायरी, स्क्रू. विमानं पडतात ती बहुतेक वेळा यांच्यापायी, आणि नेमकी हीच कामं आपण घाईनं उरकतो, कारण एकदा झाकण बसलं की ती कोणाला दिसत नाहीत.

हल्ली बाल्सा आणि प्लायवूडचा सांगाडा, त्यावर इस्त्रीनं ताणून बसवलेली फिल्म, असं तयार विमान खोक्यातच मिळतं. सुटीच्या चार दिवसांत ते टेबलावर उभं राहतं. उभं राहिलं म्हणजे उडायला तयार झालं असं धरू नका. इंजिन, इंधन आणि रेडिओ यांची मांडणी कारखाना करून देत नाही. ती तुमच्याकडे असते आणि खरं काम तिथेच आहे.

मी लिहितोय ते ३० सीसीच्या आसपासच्या विमानाबद्दल. पंखांचा पसारा साधारण दोन मीटर, वजन सहा-सात किलो. १८ इंची प्रोपेलर मिनिटाला सात हजार फेरे घेत असतो तेव्हा त्याचं टोक ताशी सहाशे किलोमीटरनं फिरत असतं. हा आकडा मनात पक्का बसू द्या. पालकांनाही हेच सांगतो, की मुलाच्या वाढदिवसाला थेट हे विमान आणू नका. आधी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसू दे, मग फोमचं बॅटरीवालं ट्रेनर, मग हे. मधली पायरी गाळली तर पैसे वाचत नाहीत, उलट दुप्पट जातात.

मग पेट्रोलच्या वाटेला जायचंच कशाला? जावं, असंच माझं मत आहे. पेट्रोल हे या छंदाचं जुनंच इंधन आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत हौशी मंडळी स्पार्क प्लगच्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर मॉडेल उडवत होती. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. त्यानं कॉइल आणि इग्निशनच्या बॅटरीचं ओझं काढून टाकलं आणि पुढची कित्येक वर्षं मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या ग्लो इंजिनांची गेली. नंतर लाकूडतोडीच्या करवतींच्या घराण्यातली मोठी इंजिनं आणि हलकं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, तसं पेट्रोल परतलं. आपल्याकडे ग्लोचं इंधन मिळवणं कटकटीचं आणि महाग. पेट्रोल पंप मात्र प्रत्येक तालुक्यात आहे. शिवाय मोठं विमान वाऱ्यात कमी हेलकावतं आणि आकाशात नीट दिसतं. अंतराच्या जिद्दीबद्दल म्हणाल तर २००३ च्या ऑगस्टमध्ये मेनार्ड हिल या मॉडेलरचं आणि त्यांच्या साथीदारांचं पाच किलोपेक्षा हलकं बाल्साचं विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि जवळजवळ ३९ तासांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. त्याच्या चार-स्ट्रोक इंजिनात कंदिलाचं इंधन होतं. हिल यांची नजर तेव्हा जवळपास गेलेली होती.

आता कामाचं बोलू. इंजिन ज्या उभ्या प्लायवूडवर बसतं त्याला फायरवॉल म्हणतात. पुष्कळ जण भोकं पाडतात, बोल्ट आवळतात आणि पुढे जातात. थांबा. त्या लाकडाला आणि आजूबाजूच्या कोपऱ्यांना इपॉक्सीचा पातळ हात द्या, भोकांच्या आतूनसुद्धा. पेट्रोल आणि ऑइल लाकडात मुरलं की चिकटवलेले सांधे सुटतात, आणि हे बाहेरून कधीच कळत नाही. बोल्टांना निळं थ्रेडलॉक लावा. एका सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्याला हादरा देतं आणि सुका बोल्ट हळूहळू ढिला होतोच. फायरवॉल किंचित उजवीकडे आणि खाली कललेली दिसली तर ती सरळ करायला जाऊ नका. प्रोपेलरची ओढ सावरण्यासाठी ती मुद्दाम तशी ठेवलेली असते.

टाकीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच. ग्लोच्या विमानासोबत आलेली सिलिकॉनची नळी पेट्रोलला लावू नका. ती फुगते, मऊ पडते आणि एक दिवस निपलवरून सुटते. टायगॉनसारखी पेट्रोलला टिकणारी पिवळी नळीच घ्या. टाकीचं रबरी बूचही पेट्रोलला चालणारं हवं. तीन नळ्या ठेवा. एक कार्ब्युरेटरकडे जाणारी, एक हवा आत येण्याची, एक भरण्याची. हवेची नळी आत टाकीच्या छतापर्यंत नेऊन बाहेर विमानाच्या पोटाखाली काढा. कार्ब्युरेटरच्या नळीच्या आतल्या टोकाला क्लंक असतो, फिल्टर लावलेलं पितळी वजन. टाकी बसवण्याआधी ती हातात धरून चहूबाजूंनी हलवा आणि कान द्या. क्लंक मोकळा फिरला तर टक-टक आवाज येतो. मागच्या भिंतीला अडकत असेल तर आवाज दबतो. अडकलेला क्लंक म्हणजे नाक खाली घेतल्याबरोबर इंधन बंद, इंजिन बंद. घरात अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी आहे, ती चुकवू नका.

या इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये डायफ्रॅम असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर तो पंपासारखा चालतो आणि इंधन ओढून घेतो. त्यामुळे टाकी इंजिनाच्या पाठीला चिकटून असण्याची गरज नाही. ती विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ ठेवा, म्हणजे टाकी रिकामी होत आली तरी विमानाचा तोल बदलत नाही.

इंधनाचं गणित सोपं आहे, पण अंदाजानं करू नका. ३०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ३३ मिली टू-स्ट्रोक ऑइल, ४०:१ म्हणजे २५ मिली. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत दिलंय तेच पाळा आणि ऑइल मोजायला औषधाची सिरिंज वापरा. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि रबराला खातं. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून मिश्रण थोडंच करा आणि दिवस संपला की टाकी पूर्ण रिकामी करा. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. चार महिने इंधन भरून ठेवलेल्या विमानाचा डायफ्रॅम कडक होतो, आणि मग लोक इंजिनाला नावं ठेवतात.

इग्निशन आणि रेडिओ यांना एकमेकांपासून लांब ठेवा. इग्निशनचा डबा, त्याची बॅटरी आणि त्याच्या वायरी विमानाच्या पुढच्या भागात. रिसिव्हर आणि त्याची बॅटरी निदान एक फूट मागे. दोन्हींच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि स्विच वेगळे असू द्या. थ्रॉटलची सळई धातूची नको, नायलॉनची घ्या, म्हणजे इंजिनाकडचा विजेचा गोंगाट त्या वाटेनं मागे येत नाही. ट्रान्समीटरवरून इंजिन बंद करणारा किल स्विचही बसवा. आकाशात थ्रॉटल अडकला तर तोच एक उपाय हातात उरतो.

सर्व्होवर, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींवर, पैसा वाचवू नका. पुस्तिकेत लिहिलेल्या ताकदीपेक्षा कमी किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर वेगात एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी हलती पट्टी, मागे ढकलला जातो आणि विमान तुमचं ऐकत नाही. सर्व्होच्या दांडीचा मधला स्क्रू बसवलाय का, हे प्रत्येक सर्व्होवर स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहा. नुसतं बघून सांगू नका. एक्स्टेंशन वायरीचे जोड क्लिपनं किंवा दोऱ्यानं बांधा. रिसिव्हर फोममध्ये गुंडाळा. टू-सेल लायफे बॅटरी, ६.६ व्होल्टची, मला या विमानांसाठी सगळ्यात निर्धोक वाटते. रेग्युलेटर लागत नाही म्हणजे बिघडायला एक वस्तू कमी.

पंख आणि शेपटी जोडण्याबद्दल फार लिहीत नाही, पुस्तिकेत ते चांगलं असतं. बिजागऱ्या ओढून बघा. एप्रिलच्या उन्हात फिल्मला सुरकुत्या पडतात, त्या छोट्या इस्त्रीनं घालवता येतात.

पण एप्रिलच्या उन्हाचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. इंजिनाभोवतीच्या काउलमध्ये पुढून हवा येण्याची भोकं दिसतात, बाहेर जाण्याची वाट मात्र कारखाने फार लहान ठेवतात. बाहेर जाण्याचं तोंड आत येण्याच्या तोंडाच्या दुप्पट ते तिप्पट हवं. आत आलेली हवा सिलिंडरच्या पंखांमधूनच जाईल अशी बाल्साच्या पट्ट्यांनी वाट अडवा. नागपूर, जळगाव, सोलापूरकडच्या मंडळींनी हे काम टाळूच नये. तापलेलं इंजिन उड्डाण घेताच बंद पडतं, आणि उड्डाणानंतरच्या त्या पहिल्या काही सेकंदांत वैमानिकाला करण्यासारखं फार काही उरत नाही.

तोल पाहायचा तो टाकी रिकामी ठेवून. पुस्तिकेत दिलेल्या ठिकाणी, पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचला. नाक किंचित खाली असेल तर चालेल. शेपटी खाली गेली तर उडवायचंच नाही. बॅटऱ्या पुढे-मागे सरकवून जमवा, शिसं लावायची पाळी अगदी शेवटी.

सगळं झालं की विमान दुसऱ्याच्या हाती द्या. जो वीस संध्याकाळी त्याच विमानाशेजारी बसलाय, त्याला स्वतःची राहून गेलेली गोष्ट दिसत नाही. जवळपास जुना मॉडेलर असेल, एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेलं कोणी असेल, तर त्यांना बोलवा. आपल्याकडचे जाणते लोक मदतीला नाही म्हणत नाहीत, विचारायचा संकोच आपणच करतो. त्यांना विमानाच्या मागे उभं करा आणि ट्रान्समीटरची काठी उजवीकडे न्या. उजव्या पंखावरचा एलेरॉन, म्हणजे पंखाची हलती पट्टी, वर गेला पाहिजे. काठी मागे ओढली की एलिव्हेटर वर. हे मोठ्यानं बोलून दाखवा, दुसऱ्यानं मोठ्यानं दुजोरा द्यावा. एलेरॉन उलटे लावलेलं विमान जमीन सोडल्यावर जेमतेम काही क्षण टिकतं. मग शेपटी घट्ट धरून, इंजिन चालू असताना ट्रान्समीटर बंद करा. इंजिन मंद झालं किंवा थांबलं पाहिजे. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की इंजिन मंद करणारी सोय, बरोबर लागलाय याची खात्री दुसऱ्या कुठल्याही रीतीनं होत नाही. रेंज टेस्टही आधी इंजिन बंद ठेवून करा आणि इंजिन चालू ठेवून पुन्हा करा.

जागेबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ड्रोन नियम २०२१ मध्ये शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे, आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची अट नाही. पण याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही. डिजिटल स्काय नकाशावर तुमची जागा कोणत्या झोनमध्ये आहे ते उडवायला निघण्याआधी बघा. ग्रीन झोनमध्येही मर्यादा ४०० फुटांचीच. पुण्यात लोहगाव आणि खडकवासला, नाशिकजवळ ओझर आणि देवळाली, ही लष्करी ठिकाणं विसरू नका. शेताच्या मालकाची परवानगी घ्या, आणि गावातली मुलं बघायला जमली की त्यांना विमानाच्या मागे, लांब उभं करा. प्रोपेलरच्या रेषेत, म्हणजे बाजूला, कोणीही उभं राहता कामा नये. पातं तुटलं तर ते बाजूलाच सुटतं.

पहिल्यांदा सुरू करताना शेपटी खुंटीला बांधा आणि वर एक माणूसही धरायला ठेवा. हातात जाड चामड्याचा मोजा. चोक लावून, इग्निशन चालू करून प्रोपेलर फिरवा, एकदा फुसकन पेटल्याचा आवाज आला की चोक काढा आणि पुन्हा फिरवा. इग्निशन बंद असलं तरी प्रोपेलरला ते चालू आहे असंच समजून हात लावा. कार्ब्युरेटरची सुई फिरवायची ती मागून, पात्यांच्या पुढे वाकून कधीही नाही. मुंबईच्या समुद्रसपाटीवर लावलेली सुई पुण्याच्या साडेपाचशे मीटरवर थोडी बदलावी लागते, तेव्हा उडवायच्या मैदानावरच लावा.

पहिलं उड्डाण सकाळी, वारा पडलेला असताना, अनुभवी माणसाला शेजारी उभं करून. पाच-सहा मिनिटं पुरेत, टाकीत भरपूर इंधन असलं तरी उतरवा. मग लगेच काउल काढा. इंजिनाचा प्रत्येक बोल्ट, मफलरचे स्क्रू आणि प्रोपेलरचे बोल्ट पुन्हा आवळून बघा. नळीच्या जोडांवर बोट फिरवा आणि ओल लागते का पाहा. बॅटऱ्यांचा व्होल्टेज मोजून वहीत लिहा. यातलं काहीही खटकलं तर त्या दिवशी दुसरं उड्डाण नाही, कितीही लोक बघायला आलेले असोत.