टीसीच्या खोलीत 'बसवून ठेवणं' बंद झालं पाहिजे!



उपनगरी स्टेशनांवर पुलाच्या पायथ्याशी किंवा तिकीट खिडकीच्या बाजूला टीसींची खोली असते. एक टेबल, पावतीपुस्तक, भिंतीला टेकवलेलं बाकडं. पास काल संपला हे विसरलेले विद्यार्थी, मोबाईलची बॅटरी उतरल्यामुळे अ‍ॅपमधलं तिकीट दाखवू न शकलेले कामगार, गर्दीच्या रेट्यात फर्स्ट क्लासच्या डब्यात चढलेले लोक या बाकड्यावर येतात. "घरून पैसे मागव, तोवर बस इथे." कुणी अर्धा तास बसतो, कुणी दोन तास. आपण शेजारून जातो, एक नजर टाकतो आणि आपली गाडी पकडतो.

आमच्यातल्या एका बाईंनी मागच्या पावसाळ्यात जे पाहिलं ते वाचा. एफवायची मुलगी, क्लासहून घरी निघालेली. पास आदल्या दिवशी संपला होता. जादा आकाराचे २५० रुपये आणि वर १० रुपये भाडं, असे २६० रुपये भरायचे होते. पर्समध्ये सत्तर निघाले. टीसींनी तिचा फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तिला बसायला सांगितलं. तेव्हा सात वाजले होते. "काका, फोन द्या ना, आईला सांगते," असं ती दोनदा म्हणाली. शेवटी वडिलांचा नंबर तोंडपाठ होता म्हणून निभावलं. ते रिक्षा सोडून धावत आले तेव्हा सव्वानऊ झाले होते. पैसे भरले, पावती मिळाली, फोन मिळाला. सात ते सव्वानऊ ती मुलगी कुठे होती, कुणाच्या ताब्यात होती, का होती, याचा एक शब्द कुठल्याही कागदावर नाही. पावतीवर फक्त पैशांचा हिशेब आहे.

आमचं म्हणणं एवढंच आहे की हे बसवून ठेवणं म्हणजे अटक आहे. नाव न देता, नोंद न करता केलेली अटक. आणि ती करण्याचा अधिकार टीसीला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही.

रेल्वे कायदा, १९८९ उघडून बघा. कलम ५४ प्रमाणे टीसीने मागितलं की तिकीट किंवा पास दाखवलाच पाहिजे. योग्य तिकीट नसेल तर कलम १३८ लागतं. त्यात प्रवासाचं भाडं आणि शिवाय जादा आकार द्यावा लागतो. हा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांत जो मोठा असेल तो. तो भरावा. आम्ही फुकट प्रवासाची वकिली करायला हे पत्रक काढलेलं नाही.

पण पैसे जवळ नसतील, किंवा कुणी द्यायला नकार दिला, तर पुढे काय, हेही कायद्याने सांगून ठेवलं आहे. एक, कलम १३९ खाली त्या माणसाला गाडीतून उतरवता येतं. दोन, कलम १३८ खालीच रेल्वेला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मॅजिस्ट्रेट ती रक्कम दंडासारखी वसूल करतो, आणि न भरल्यास दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद सुनावू शकतो. म्हणजे रेल्वेचे हात बांधलेले नाहीत. मात्र कैद सुनावण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटचा आहे. ओलीस धरल्यासारखं माणसाला बाकड्यावर ठेवून घरच्यांकडून पैसे मागवणं ही तिसरी वाट या कलमांत कुठेही नाही. मोबाईल, आधार कार्ड किंवा बॅग अडकवून ठेवण्याचा तर उल्लेखही नाही.

आता अटकेचं बघू. १९८९ च्या मूळ कायद्यात कलम १७९ ने विनातिकीट प्रवासासह पुष्कळ गुन्ह्यांसाठी कुठल्याही रेल्वे कर्मचाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येत होती. २००३ मध्ये संसदेने हे कलम बदललं. गाडी पाडण्याचा प्रयत्न, गाडीवर दगडफेक असे गंभीर गुन्हे, म्हणजे कलम १५० ते १५२, तेवढ्यांपुरताच तो सरसकट अधिकार उरला. बाकी गुन्ह्यांत, विनातिकीट प्रवासातसुद्धा, केंद्र सरकारने अधिसूचना काढून नेमलेला अधिकारीच अटक करू शकतो. व्यवहारात हे काम रेल्वे सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्यांकडे आहे. कलम १८० प्रमाणे नाव-पत्ता सांगायला नकार देणाऱ्याला किंवा खोटा पत्ता देणाऱ्यालाही अटक होऊ शकते, पण तीही अशाच अधिकाऱ्याकडून. संसदेने विचार करून काढून घेतलेला अधिकार टीसींच्या खोलीत रोज वापरला जातो.

आणि अटक म्हटली की तिच्यामागे बंधनं येतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील भेटू द्यावा लागतो, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची तारीख आणि वेळ लिहिलेला, साक्षीदाराची सही असलेला पंचनामावजा कागद करायला लावला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण लागतं, महिला पोलिस अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. याच संहितेच्या कलम ४० प्रमाणे चोराला सामान्य माणसाने पकडलं तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवावं लागतं. चोरासाठी कायद्याने घड्याळ लावलं आहे. पास संपलेल्या मुलीसाठी मात्र त्या खोलीत कुठलंच घड्याळ नाही, कारण तिला 'अटक' केलेलीच नसते, नुसतं 'बसवलेलं' असतं.

बायकांच्या बाबतीत रेल्वे कायदाही किती काळजी घेतो ते बघा. सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या बाईला किंवा मुलाला कलम १३९ खाली वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, इथेच, आणि तेही दिवसाच. ज्या कायद्याला रात्री एकट्या बाईला गाडीतून उतरवणंसुद्धा मान्य नाही, त्याच्या नावाने तिला रात्री खोलीत कसं डांबता येईल?

"मग पैसे नाहीत म्हणणाऱ्याला सोडून द्यायचं का?" असं टीसी विचारतात. त्यांच्यावर हात उगारला जातो, शिवीगाळ होते, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि असं करणाऱ्याच्या पाठीशी आम्ही नाही. तपासणीच्या कमाईचं उद्दिष्ट त्यांच्या डोक्यावर असतं, तेही ठाऊक आहे. पण उत्तर कायद्यातच आहे. नाव-पत्ता घ्या, ओळखपत्र बघून नंबर लिहा, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. पत्ता खोटा वाटला तर सुरक्षा दलाला बोलवा आणि रीतसर अटक करू द्या.

प्रवाशांनो, आपणही काही गोष्टी पाळायच्या आहेत. तिकीट मागितलं की दाखवा. आवाज चढवू नका, अंगावर जाऊ नका. कलम १४६ खाली रेल्वे कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. नाव-पत्ता खरा सांगा. पैसे दिले तर पावती घेतल्याशिवाय हलू नका. आणि बसवून ठेवलं तर शांतपणे विचारा, "साहेब, मला अटक केली आहे का? कुणी आणि कुठल्या कलमाखाली?" उत्तर आणि वेळ लिहून ठेवा. १३९ या फोन नंबरवर रेल्वेकडे किंवा १५१२ वर लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार नोंदवा. दुसरं कुणी बाकड्यावर दिसलं तर दोन मिनिटं थांबा आणि घरी कळवलंय का, एवढं तरी विचारा.

एक धोका वेगळा सांगायला हवा. "गुन्हा कबूल कर, लगेच सुटशील," असं सांगून कलम १३७ लावलं जाऊ शकतं. ते फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय दोषी ठरल्याची नोंद. पास संपल्याचं विसरणं म्हणजे फसवणूक नव्हे. न वाचता सही करू नका.

विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे आमची मागणी आहे. प्रत्येक टीसी खोलीत येण्या-जाण्याच्या वेळेची वही ठेवा आणि त्यात प्रवाशाची सही घ्या. खोलीत कॅमेरा लावा. कुणाचाही फोन काढून घेऊ नका. दिवेलागणीनंतर एकट्या बाईला त्या खोलीत थांबवूच नका. कलम १३८, १३९, १७९ आणि १८० मराठीत, मोठ्या अक्षरांत दाराबाहेर लावा. याचं उत्तर आम्हाला लेखी हवं आहे, आणि ते येईपर्यंत हे पत्रक दर सोमवारी सकाळी फलाटावर वाटलं जाईल.

रोज लोकलने जाणारे काही प्रवासी