ठराव मुंबईत, यादवी मराठवाड्यात

प्रति,
माननीय सभापती आणि माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र विधिमंडळ, मुंबई

महोदय,

27 जुलै 1978 रोजी आपल्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. ठराव योग्यच होता. 1950 साली विद्यापीठाच्या याच शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढून ज्यांनी गोरगरिबांच्या पोरांना पदवीपर्यंत नेलं, त्यांचंच नाव शोभणार होतं. पण ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. लेकराबाळांना घेऊन माणसं रानोमाळ पळाली.

जाळणारे हात गावातलेच होते आणि त्यांना माफी नाही. राग नुसता नावाचा नव्हताच. गायरान कसणारा, गावकीची कामं नाकारणारा, पोरगं कॉलेजात धाडणारा माणूस खुपत होता. हे मुंबईला ठाऊक नव्हतं, असं मी मानणार नाही. ठरावाबरोबरच वस्त्यांवर पहारा बसायला हवा होता.

त्याहून वाईट पुढे घडलं. राजधानीनं स्वतःचाच ठराव गुंडाळून ठेवला. घरं जाळली की सरकार नमतं, हे मराठवाड्याला शिकवलं ते मुंबईनं. 1979 मध्ये नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, तरी निर्णय नाही. मुख्यमंत्री बदलत गेले. त्यांतले निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण तर आमच्याच मराठवाड्याचे. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी स्वतःला पेटवून घेतलं. मग कुठे 14 जानेवारी 1994 ला नाव लागलं, तेही नामांतर नव्हे, ‘मराठवाडा’ कायम ठेवून नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं ही यादवी धुमसत राहिली ती मुंबईच्या मतांच्या हिशेबापायी.

आज आरक्षणावरून मराठा आणि ओबीसी शेजाऱ्यांमध्ये तेढ वाढते आहे. दोघांनाही मुंबईच शब्द देते. एकाला काय दिलं, हे दुसऱ्याच्या वस्तीत येऊन सांगायला मात्र कुणी फिरकत नाही. म्हणून जुनं उकरतो आहे.

माझी मागणी अशी: येत्या अधिवेशनात नामांतराच्या काळात मारल्या गेलेल्यांची नावं दोन्ही सभागृहांत वाचावीत. कुणाची घरं जळाली, कुणाला काय भरपाई मिळाली, खटल्यांचं काय झालं, हे गाववार पटलावर ठेवावं. आणि ठरावाचा अंमल कुणी, कशासाठी रोखला, तेही त्यात लिहावं.

आपला,
एक नागरिक, छत्रपती संभाजीनगर