फाइल कुठून आली?

वसमतच्या एखाद्या आडत दुकानात हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवायचं असेल, तर त्याची ‘ईएक्सई’ फाइल जीमेलनं पाठवता येत नाही. झिप करून पाहिली तरी ती अडवली जाते; मोबाइलवर ॲप बसवायच्या ‘एपीके’ फाइलचंही तेच. अनेकांना हा जाच वाटतो, मला तो योग्यच वाटतो. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस ई-मेलच्या अटॅचमेंटमधूनच जगभर पसरला होता. पण आपल्या गावांत ई-मेल उघडतो कोण? सगळं व्हॉट्सॲपवर येतं, आणि तिथं ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, लग्नपत्रिका अशा नावांच्या एपीके फाइली सरळ हातात पडतात. कधी त्या ओळखीच्याच नंबरावरून येतात, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल बसवून एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर त्यांच्याकडे. हळदीची पट्टी खात्यावर जमा झालेल्या शेतकऱ्याचं यात वर्ष बुडतं. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच घटकेला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवलं, तर ती गोठवता येते.