बाळाच्या खोलीला नव्या रंगाचा वास नको

बाळ येणार म्हटले, की घराला रंग काढण्याची घाई सुरू होते. ओटीभरण झाले की रंगारी येतो, जुन्या खिडक्या घासल्या जातात, नवे कपाट आणि पाळणा येतो. हौस समजण्यासारखी आहे. पण तिच्यातले काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिला धोका शिशाचा. घरगुती रंगात दशलक्ष भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, हा केंद्र सरकारचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मात्र तो नव्या डब्यासाठी आहे. जुन्या चाळीतील, वाड्यातील दारा-खिडक्यांवर ऑइल पेंटचे जे थर चढले आहेत, त्यांना तो लागू होत नाही. ते कोरडे घासले की शिशाची धूळ घरभर पसरते. गर्भवतीच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे चिंताजनक प्रमाणात आहे; भारतात अशी मुले सुमारे २७.५ कोटी आहेत.

म्हणून जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडू नये. घासावाच लागला, तर ओला करून घासावा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी. त्या काळात गर्भवतीने व लहान मुलांनी दुसरीकडे राहावे. रंगकाम बाळंतपणाच्या बरेच आधी संपवून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेते. खोलीतली हवा जशी असेल, तशीच ती त्याच्या पोटात नव्हे, थेट फुप्फुसात जाते.

दुसरा धोका कपाटात असतो. जपून ठेवलेल्या झबल्या-दुपट्यांतील डांबराच्या गोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असते. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. असे कपडे धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला घालू नयेत. बाळ पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

धुरी, उदबत्ती आणि डासांची कॉइलही या खोलीत नको, मच्छरदाणी पुरते. बाळासाठी खोली सजवताना काय आणावे, यापेक्षा काय आणू नये, हे आधी ठरवलेले बरे.