प्रमाणपत्रापलीकडचा स्वाध्याय

मार्च २०२०मध्ये महाविद्यालयांचे वर्ग ओस पडले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या काळातील विद्यार्थ्यांच्या परवडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. मात्र, त्याच काळात प्राध्यापकवर्गाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले, याची पुरेशी दखल घेतली गेली नाही.

खडू-फळ्याच्या आधारे हयात घालवलेल्या अध्यापकांना झूम, गूगल मीट शिकायचे होते. शिकवायला अनेकदा त्यांच्याच विभागातील कनिष्ठ सहकारी होता, तोही दूरध्वनीवरून. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा अनिवार्य ठरवल्या. तेव्हा दीर्घोत्तरी प्रश्नांची सवय असलेल्या महाराष्ट्रातील प्राध्यापकांना अल्पावधीत बहुपर्यायी प्रश्नसंच सिद्ध करावे लागले. निरनिराळ्या गावी बसून, एकमेकांचे प्रश्न तपासत त्यांनी हे काम तडीस नेले. ज्येष्ठतेचा अभिमान बाजूला ठेवल्याविना हे शक्य नव्हते.

याच काळात वेबिनारांचा महापूरही आला. नोंदणी करावी, कॅमेरा बंद ठेवावा, शेवटी एक अर्ज भरावा की प्रमाणपत्र हजर! हा दोष केवळ व्यक्तींचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार पदोन्नतीची वाट प्रशिक्षणवर्गांतून जाते. जिथे शिकण्याची मोजणी कागदाने होते, तिथे कागदच साध्य होऊन बसतो.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत स्वाध्याय आणि प्रवचन यांची जोडी वारंवार येते. जो शिकवतो, त्याने शिकणे थांबवू नये, हा तिचा आशय. आपत्तीने हा धर्म सक्तीने पाळायला लावला. आता सक्ती सरली आहे. मग तो स्वेच्छेने पाळला जाणार आहे काय?

प्रश्न विशेषतः ग्रामीण महाविद्यालयांचा आहे. तिथे एखाद्या विषयाला एकच प्राध्यापक असतो. चर्चेला समविषयी सहकारी नसतो आणि कित्येक आठवड्यांच्या निवासी वर्गासाठी त्याला सोडले, तर तासिका बंद पडतात. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८मध्ये ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती. ही दरी लक्षात घेऊनही, दूरस्थ सहकार्याचा खरा लाभ अशाच एकाकी अध्यापकाला होऊ शकतो.

मनुष्यबळ विकास केंद्रांना २०२३पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे हे नाव मिळाले. नामांतराबरोबर दृष्टीही पालटायला हवी. या केंद्रांनी व्याख्यानांची संख्या वाढवण्यापेक्षा विषयवार अभ्यासमंडळे उभारावीत. सामायिक प्रश्नपेढी, मराठीतील पाठ्यसामग्री, परस्परांच्या अध्यापनाचे निरीक्षण, अशा कामांना पदोन्नतीत स्थान द्यावे. महामारीने फार मोठी किंमत वसूल केली. तिच्या काळात गवसलेली ही सहाध्ययनाची वृत्तीही गमावली, तर तो करंटेपणा ठरेल.