नवसाचा बाजार आणि अन्नपूर्णेची चूल

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडली, की गिरगावापासून परळपर्यंतची मुंबई आपले नित्याचे रूप टाकून उत्सवाचे रूप धारण करते. लालबागेतील दर्शनाच्या रांगेत तर रात्र आणि दिवस यांचा भेद उरत नाही. कोणी नवस बोलावयास आलेला असतो, कोणी फेडावयास. परंतु या स्थानी पहिला नवस कोणी व कशासाठी बोलला, असे या रांगेत विचारून पाहावे. उत्तर देणारे थोडेच निघतील. तो नवस संततीसाठी नव्हता, संपत्तीसाठीही नव्हता. तो बाजारासाठी होता.

१९३२ साली लालबागेतील पेरू चाळीचा बाजार बंद पडला. तेथे बसणारे कोळी बांधव आणि लहानसहान विक्रेते उघड्यावर आले. आपल्याला बसावयास कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणरायाला नवस केला. तत्कालीन नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शाह आदी मंडळींनी खटपट केली, जागेच्या मालकांकडून जागा मिळाली, बाजार उभा राहिला, आणि १२ सप्टेंबर १९३४ रोजी कृतज्ञतेने तेथे श्रींची स्थापना झाली. आज ज्याला आपण 'लालबागचा राजा' म्हणतो, त्याच्या उत्सवाचा हा मूळारंभ. कीर्तनात ही कथा सांगितली, की श्रोते माना डोलावतात. मग आरती होते आणि बाजार पुन्हा विस्मरणात जातो!

वस्तुतः आपल्या शास्त्रकारांना या विषयाचे विस्मरण कधीच नव्हते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत आनंदाला ब्रह्म जाणल्यानंतर लगेच व्रते सांगितली आहेत: अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये, ते विपुल करावे, आणि दारी आलेल्यास परत पाठवू नये. ज्ञानाच्या शिखरावर पोचलेल्या ऋषींनी कोठाराची आठवण ठेवली, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. उद्याची ऋषिपंचमी तरी काय सांगते? बैलाच्या श्रमाचे अन्न त्या दिवशी वर्ज्य. परसातील अळू, माठ, अंबाडी, पडवळ, भोपळा, सुरण असे जे त्या ऋतूत त्या भूमीत आपसुक येते, त्यावर दिवस काढावयाचा. आपल्या गावाची माती आपल्याला किती पोसू शकते, याची ही वर्षातून एकदा होणारी परीक्षाच होय.

मुंबईला परसू कोठला, असे कोणी म्हणेल. परंतु दादरच्या स्थानकाबाहेर पहाटे पाट्या उतरतात, त्यांत वसई-विरारकडील भाजी असते, फुले असतात. हेच या महानगराचे परसू. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत लोकल गाड्या थांबल्या, तेव्हा हे परसू किती नाजूक धाग्याने आपल्याशी जोडलेले आहे, ते सर्वांस कळून आले. ज्या वस्तीत शेजारी शेजाऱ्याला ओळखत होता, तेथे पीठमीठ दारोदार पोचले. जेथे ओळख नव्हती, तेथे पैसा असूनही माणसे गांगरली.

गिरणगावाने हा धडा फार पूर्वी गिरवला होता. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून येथे एका खोलीत दहा-पंधरा जणांसह राहात असे. त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय चाळीतीलच एखादी बाई करी. हीच खानावळवाली. किराणा दुकानदाराकडून ती उधारीवर धान्य उचले. कामगाराचा पगार झाला, की उधारी फिटे. व्याज मात्र तिच्या माथी राही. संपाच्या काळात कामगाराचा पगार थांबला, तरी तिने ताट थांबविले नाही. अंगावरचे किडूकमिडूक गहाण पडले, पण चूल विझली नाही. अन्नदानाचे माहात्म्य आम्ही व्यासपीठावरून वर्णन करतो. या माउल्यांनी ते व्याजासह आचरिले.

त्यांचे हे ऋण प्रेमाताई पुरव यांच्या नजरेस आले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांचे गट झाले, एकमेकींना एकमेकींनी हमी दिली, आणि ज्यांच्यापाशी तारण म्हणून पोळपाट-लाटण्याखेरीज काही नव्हते, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. सावकारी पाश सैल झाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि गिरणगावाचा कणाच मोडला. जेवणारा गेला, तेव्हा जेवण करणारीने काय करावे? अनेकींनी कार्यालयांस डबे पुरविले, फराळाची कामे घेतली. हात शिकलेले होते आणि पाठीशी संघटना होती, म्हणून हे शक्य झाले.

गिरगावातही १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. लिज्जतची ती कथा आता सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार येथे नको. मुंबई ग्राहक पंचायतीची कथा मात्र तितकी बोलली जात नाही. तीही १९७५ चीच. शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याचा वाणसामान एकत्र मागवितात, तो एका घरी उतरतो आणि सर्वजण मिळून वाटून घेतात. या वाटपाच्या निमित्ताने एकमेकांच्या घरातील आजारपण, अडचण कळते. स्वस्ताईपेक्षा हा लाभ मला मोठा वाटतो.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत. चाळींची पुनर्बांधणी होते आहे आणि ती व्हावयासच हवी. गळक्या छपराखाली कोणी आनंदाने राहात नाही. परंतु नव्या इमारतीच्या आराखड्यात वाहनतळ असतो, व्यायामशाळा असते. भाजीवालीची जागा आणि डबे करणाऱ्या बाईची चूल क्वचितच असते. याविषयी रहिवाशांच्या सभेत कोणी शब्द काढीत नाही, याचे आश्चर्य वाटते. मोठ्या दुकानात सारे स्वस्त मिळते, असे यावर उत्तर येते. मिळत असेल, पण ते दुकान संपाच्या महिन्यात उधारी देणार आहे काय?

उत्सव मंडळांस यात करण्याजोगे पुष्कळ आहे. महाप्रसादाचे काम दूरच्या ठेकेदाराऐवजी आपल्याच विभागातील महिला गटांस द्यावे. पुनर्बांधणीच्या बोलण्यांत बाजाराच्या जागेसाठी मंडळाने आपले वजन खर्ची घालावे. आणि जेथे मंडपामुळेच रस्त्यावरील विक्रेत्यांची बसण्याची जागा दहा दिवस जाते, तेथे त्यांच्या टोपल्या कोठे मांडाव्यात, हे मंडपाचा पहिला खांब रोवण्यापूर्वी ठरवावे. बाजारासाठी नवस बोललेल्या कोळ्यांच्या आणि विक्रेत्यांच्या लालबागेने याचा आरंभ केला, तर दादर-गिरगावची मंडळे मागे राहणार नाहीत.